ईस्टर उलटला तरी न सुटलेला उपास

झागोर्का तीस वर्षं मोरावा नदीकाठच्या गावात परिचारिका होती. घरोघर जाऊन बाळं तोलायची आणि जाता जाता सासवांना सुनावून यायची. ती निवृत्त झाली, तिची जीभ नाही.

तिची सतरा वर्षांची भाची नेवेना वर्षभरात पंचवीस किलोंनी उतरली होती. ईस्टरआधीचे सात आठवडे सगळं गाव मांस, दूध, अंडी सोडून घेवड्यावर होतं. नेवेना एका सफरचंदावर.

"आमची नेवेना संतीणच झाली हो," तिची आई, झागोर्काची भावजय रुझित्सा सांगत सुटायची.

"आणि दिसते काय! कुठलं पथ्य गं?" शेजारणी विचारायच्या. पूर्वी ह्याच तिला जाडी म्हणायच्या.

खरं तर झागोर्कालाही कौतुक वाटलं होतं. स्वतःच्या त्या मूर्खपणावर ती पुढे सगळ्यांत जास्त चिडली.

ईस्टरला उकडून लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायचा खेळ झाला; ज्याचं फुटत नाही तो जिंकतो. नेवेना जिंकली, टाळ्या पडल्या, आणि अंडं हळूच खिशात गेलं. तिसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालताना आत्याला कुंडीतल्या मातीत पाच लाल अंडी सापडली.

"उपास देवासाठी ना? देवानं तर रविवारीच सोडायला सांगितला. मग हा कुणासाठी चाललाय?"

नेवेनानं माती परत अंड्यांवर ओढली. "आत्या, मला भीती वाटते. एक अंडं खाल्लं तरी मी परत तशी होईन."

"पाळी कधी आली होती?"

"नाताळाआधी."

दुसऱ्याच दिवशी झागोर्का तिला दवाखान्यात घेऊन गेली. मागून रुझित्साही आली. तरुण डॉक्टरानं नेवेनाला काट्यावर उभं केलं, तक्त्यात बोट फिरवलं. "साठ किलो. उंचीला अगदी योग्य. न जेवण्याच्या आजाराचं नाव द्यायला अजून आठ किलो उतरायला हवेत."

"मग आठ किलो उतरल्यावर आणू? तोवर जगली तर चालत आणते, नाही तर उचलून."

"बाई, नियम आहे—"

"काट्याला काय विचारता? पोरीला विचारा! वर्षात पंचवीस किलो गेले, चार महिने पाळी नाही, अन्नाला घाबरते. आधी झोपवून नाडी मोजा, मग उभी करून."

निजून नाडी बेचाळीस भरली, साठ-सत्तर हवी तिथं. उभी राहताच नेवेना टेबलाला धरून डोळे मिटून राहिली. नाडी एकदम नव्वदच्या पुढे गेली; उपाशी हृदय असंच धडपडतं. डॉक्टरानं पुन्हा मोजली. मग जिल्ह्याच्या रुग्णालयाला फोन लावला.

"अहो, पण ती तर संतीण..." रुझित्सा रडू लागली.

"संतिणी ईस्टरला जेवतात, रुझित्सा."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होता. "वजन चांगलं आहे, असंच लिहू का?"

"साठ लिहा, आधीचे पंच्याऐंशीही लिहा. चांगलं-वाईट तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

त्यानं मान खाली घालून तसंच लिहिलं. झागोर्कानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि नेवेनाला कोट घालायला मदत केली. पोरीचा हात बर्फासारखा गार होता. रुग्णालयाची गाडी येईपर्यंत आत्यानं तो सोडला नाही.