क्रॉसिंगला थांबलेली गाडी

लोक मला म्हणतात, "मातामायनं तुम्हाला अर्ध्या वाटेतून परत आणलं. केवढी कृपा!" हे ऐकलं की आनंद व्हायच्या ऐवजी माझं डोकं फिरतं. आणायचंच होतं तर घरातून निघूच कशाला दिलं? आणि माझ्यासारख्या माणसाला शहाणपण यावं म्हणून माझ्या बायकोचा श्वास का पणाला लावला? हे भांडण मी देवीशी अजून मिटवलेलं नाही. शिवाय कृपा म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत, आणि पुढचं सगळं माझं आहे. मी कमी बोलणारा माणूस. पण इतके दिवस गप्प राहून स्वतःला फार स्वस्तात सोडलं, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव तिरोड्याकडे, बोदलकसाच्या तलावाजवळ. मी तिरोड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो. चाळिशी उलटल्यावर साखर वाढली, डॉक्टर चाला म्हणाले, मी पळायला लागलो. पळता पळता मॅरेथॉनचं वेड लागलं. ज्याला ते लागलेलं नाही त्याला एक गोष्ट समजणार नाही. तयारीच्या दिवसांत घड्याळ सगळ्यांचं असतं तसं राहत नाही. माझा आठवडा रविवारच्या लांब पळण्यापाशी सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. मधले वार नुसते वाट बघायचे. तलावाच्या रस्त्यावर एका किलोमीटरमागे चार सेकंद वाचले की मी दिवसभर खुशीत असे, आणि संध्याकाळी बायको शेजारी बसून काही सांगत असे ते तास कुठं गेले याचा मला पत्ता नसे. सेकंदांचा मी कंजूष झालो आणि तास उधळत गेलो.

यंदा हैदराबादच्या दौडीला थोडेच दिवस उरले असताना बायकोला माता आली. शहरात कांजिण्या म्हणतात, आमच्याकडे अजून माता आली असंच म्हणतात. या वयात ती जड जाते. तिरोड्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, खोकला वाढला, दम लागला तर घरी ठेवू नका. गोळ्या एकीकडे, घरची रीत दुसरीकडे. भाजीला फोडणी द्यायची नाही, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, घरातल्या माणसानं गाव सोडायचं नाही, आणि रोज सकाळी मातामायच्या दगडावर पाणी घालून त्यातलंच थोडं तीर्थ म्हणून घरी आणायचं. मातामाय आमच्या गावच्या शिवेवर, कडुनिंबाखाली. हे काम वहिनीचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं. पण तिचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तसेही रोज तिकडूनच पळता. तेवढं पाणी तुम्हीच घाला जी."

मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी लोटा नेला, थांबलो, पाणी घातलं, आणि मनगटावरच्या घड्याळानं माझा वेग घसरलेला दाखवला. दुसऱ्या दिवसापासून मी लोटा नेलाच नाही. हातातल्या पळायच्या बाटलीतलं पाणी पळता पळताच दगडाकडे उडवायचो. त्यात संत्र्याच्या चवीची साखर-मिठाची पूड असे. घरी येताना अंगणातल्या हातपंपावर तांब्या भरायचो आणि मातामायचं तीर्थ म्हणून बायकोच्या हातात द्यायचो. ती ते डोळ्यांना लावायची आणि प्यायची. एक दिवस वहिनी कशीबशी शिवेपर्यंत जाऊन आली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, मातामायले मुंग्या काऊन लागल्या जी?"

"कोणी गूळ ठेवला असेल," मी म्हणालो आणि बुटाची नाडी बांधत राहिलो.

दौडीच्या आदल्या दोन आठवड्यांत पळणं कमी करायचं असतं. मग वेळ उतू जातो, तरी संपत नाही. त्या रिकाम्या वेळात मी बायकोजवळ बसू शकलो असतो. मी मोजे निवडले. झोप मोडू नये म्हणून ओसरीत झोपलो. आतून तिचा खोकला ऐकू यायचा. घसा धरला असेल म्हणून कूस बदलायचो. निघायच्या सकाळी तिला विचारलं, "जाऊ ना?"

"जा ना जी," ती म्हणाली. "तुमचं मन तर कधीच गेलं."

मी फक्त पहिले दोन शब्द घेतले आणि निघालो.  वहिनीनं कडुनिंबाची एक डहाळी माझ्या बॅगच्या कप्प्यात खुपसली आणि आत गेली.

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी जंगलातून जाते. अर्जुनीच्या पुढं एका लहान स्टेशनावर ती थांबली ती थांबलीच. समोरून येणाऱ्या गाडीचं क्रॉसिंग होतं. पुढची गाडी चुकणार म्हणून मी रेल्वेला, सिग्नलला, देवीला मनात शिव्या देत होतो. दर वेळी घड्याळ पाहावं आणि आकडा जागेवरच दिसावा, असं चाललं होतं. समोरच्या बाकावर झाडूंची मोळी पायाशी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिची नजर बॅगेतून डोकावणाऱ्या डहाळीवर गेली.

"घरी माता आहे का भाऊ?"

"हो. बायकोले."

"मंग तू कुठं जाऊन राहिला?"

"हैदराबादले. दौड आहे."

"कोणाच्या मागं?"

डब्यातले दोघे-तिघे हसले. मी चिडून म्हणालो, "कोणाच्या मागं नाही, मावशी. हजारो लोक पळतात. पूर्ण केली की मेडल भेटते."

"सगळ्यायले?"

"सगळ्यांना."

"सगळ्यायलेच देतेत, मंग तूच कायले पाह्यजे तिथं?" तिनं डहाळी उपसून माझ्या मांडीवर टाकली. "हा पाला तिच्या उशाशी ठेवा लागते. झोऱ्यात घालून गावोगाव हिंडवाले नसते. लाज नाही का रे तुले?"

मला इतका राग आला की कान तापले. ही कोण मला विचारणारी? तेच म्हणायला तोंड उघडलं. त्या क्षणी मला बायकोचा खोकला ऐकू आला. रोज रात्री ऐकला होता, पण खरा ऐकला तो तेव्हा, भर दुपारी, त्या डब्यात. तो घशातून येत नव्हता, खोल छातीतून येत होता. एवढ्यात समोरची गाडी आली आणि शेजारच्या फलाटाला थांबली. जिच्यापायी आम्ही खोळंबलो होतो ती गाडी गोंदियाला चालली होती. मी बॅग उचलली आणि तिच्यात चढलो. म्हातारीकडे वळून बघायचंही सुचलं नाही.

फोनला रेंज आल्यावर वहिनीला लावला. ती ओरडलीच. "कुठं आहा जी? तिले सकाळपासून दम लागून राहिला. गाडी दारात उभी आहे, पण बसत नाही. म्हणते, त्यांची दौड होऊ द्या, तोवर त्यांना सांगू नका."

"तिला सांगा, मी परत येतो आहे."

तेव्हा ती गाडीत बसली. भाऊ तिला घेऊन गोंदियाच्या दवाखान्यात पोचला, पाठोपाठ मी. न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर मला म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. उद्या म्हणजे दौडीचा दिवस. ऑक्सिजन लावून ती पडून होती आणि मी शेजारी स्टुलावर. तिथं सकाळ-दुपार काही कळत नव्हतं. एक श्वास आत जायचा, बाहेर यायचा, मग पुढचा. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि हे मला पहिल्यांदा कबूल होत होतं. मातामायला मी काही मागितलं नाही. कोणत्या तोंडानं मागणार? नुसतं म्हटलं, आता तू म्हणशील तसं.

ती बोलू लागली त्या दिवशी मी तिला पाण्याचं सगळं सांगितलं. बाटली, मुंग्या, हातपंप.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मातामायच्या पाण्याले पाल्याचा वास येते. तुमच्या पाण्याले गंजाचा येत होता."

"मग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर थांबले असते का?" एवढं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.  बरोबरच केलं.

देवाची मदत गोड बोलत येते असं मी समजत होतो. मला जी मिळाली ती रागावलेल्या बायांकडून मिळाली. एकीनं न बोलता डहाळी खुपसली, एकीनं भरल्या डब्यात लाज काढली, आणि तिसरी मरणाच्या दारातून परत आली ती मला माफ न करताच आली. या तिघींचे उपकार माझ्यावर आहेत. देवीचेही असतील. तिच्यावरचा राग गेलेला नाही, पण आता तो मी तिच्यासमोर उभा राहून सांगतो, चालता चालता नाही.

डॉक्टरांनी बायकोला रोज थोडं चालायला सांगितलं आहे. संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जातो. थोडं अंतर गेलं की तिला धाप लागते आणि ती थांबते. मी थांबतो. किती वेळ, ते ती ठरवते. ती निघाली की मी निघतो.