कोकिळाबाईचं बेट

पूर्णेच्या डोहात मधोमध एक बेट आहे. वाळू, झाऊची झुडपं आणि पाखरं, बाकी काही नाही. मलकापूर, जळगाव जामोदकडची माणसं सुटीला डबे बांधून, गळ्यात दुर्बिणी अडकवून तेच बघायला येतात आणि घाटावरच्या एकुलत्या एका डोंग्यात बसतात. डोंगा कोकिळाबाईचा. नवरा शालिग्राम वारला तेव्हा भावकीनं बजावलं होतं, बाईमाणसानं वल्हं धरायचं नसतं. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईनं डोंगा पाण्यात लोटला. भावकी अजून रुसलेली आहे, आणि बाईला त्याची फिकीर नाही.

तिचा कायदा एकच. चैत्र-वैशाखात सुरय पाखरं उघड्या वाळूवर अंडी घालतात. घरटं नाही, काडी नाही. अंडी वाळूच्याच रंगाची. म्हणून बाई पुढे चालते आणि पाहुण्यांनी तिच्या पावलावर पाऊल ठेवून मागे यायचं. डॉक्टर असो की तहसीलदार, रांग मोडली की फेरी संपली.

यंदा सरपंच हिंमतरावांच्या डोक्यात बेटाचा विकास शिरला. सिमेंटचे बाक, टिनाचं शेड, वर कर्णा. भूमिपूजनाला पाच-सहा पांढरे कपडेवाले घेऊन ते घाटावर आले.

"नेईन मी," बाई म्हणाली. "पण माह्या पावलावर पाय ठेवून चालजा."

"आम्ही का लहान लेकरं आहो?" बेटावर उतरताच हिंमतराव नारळ घेऊन आडवेच निघाले. चार पावलं गेले नाहीत तोच बुटाखाली कचकन वाजलं. पाखरांनी बेट डोक्यावर घेतलं.

बाईचं मस्तकच फिरलं. ती आल्या पावलांनी परतली, डोंगा लोटला आणि दहा हात पाण्यात जाऊन उभी राहिली.

"काय करून राह्यली तू?" सरपंचांनी विचारलं.

"माह्ये पाय उमटले तिथूनच या. आणखी एक अंडं फुटलं, तर डोंगा काठाले लागत नाई."

"परवाना पंचायतीचा आहे, ध्यानात ठेव."

"डोंगा माहा हाय."

ऊन चढलं. तासाभरानं गावचे कारभारी बूट हातात घेऊन, पोळत्या वाळूत बाईच्या एकेका पावलात पाऊल टाकत रांगेनं आले. नारळ फुटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई निवृत्ती परवाना रद्द झाल्याची नोटीस घेऊन आला. बाईची चूल त्याच डोंग्यावर पेटायची, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मामी, माफी मागून घे. सरपंचभाऊ ऐकतीन. काय सांगू त्यायले?"

बाईनं नोटीस कमरेला खोचली. डोंगा ओढून घाटाच्या तोंडाशी आडवा बांधला, म्हणजे दुसऱ्या कुणाची नाव पाण्यात उतरू नये. मग त्यातच मांडी घालून बसली.

"सांगजो, पिल्लं उडेपर्यंत मी इथून उठत नाई. उडाली की ये म्हणा भांडाले. तवा मले येळच येळ हाय."