तळाची बेरी

वजनाच्या काट्यावर चढण्याआधी मी काय काय उतरवत असे, ते सांगितलं तर लोक हसतील. चपला तर सगळेच काढतात. मी घड्याळ काढायची, ओढणी काढायची, केसांतला मोठा चाप पर्समध्ये टाकायची आणि पर्स भावजयीच्या हातात द्यायची. एकदा ती म्हणाली, "ताई, बांगड्या ऱ्हायल्या की." ती चेष्टा करत नव्हती. बांगड्यांनी फरक पडेल असं तिला खरंच वाटत होतं, कारण त्या काट्यावर तिच्या नवऱ्याचं पुढचं आयुष्य अवलंबून होतं.

तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातले ठरलेले दिवस डायलिसिसच्या खुर्चीत जायला लागले. किडनी कोण देणार हा प्रश्न आला तेव्हा आईचं वय झालेलं, भावजयीला साखरेचा आजार. राहिले मी. माझं रक्त जुळलं. डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "ताई, सगळं ठीक आहे, पण आधी वजन उतरवा. तुम्हाला पुढे त्रास झालेला आम्हाला चालणार नाही. वजन उतरलं की बाकीच्या तपासण्या करू."

भावाला जगवायला काय लागतं, तर त्याची बहीण बारीक व्हायला लागते. ऐकायला किती सोपं वाटतं.

आमच्या वारज्याच्या सोसायटीत सल्ला देण्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई लिफ्टमध्येच म्हणाल्या, "अहो, आधी दूध बंद करा. दूध, दही, पनीर, सगळं. ते वासरासाठी असतं. वासरू कसं झपाट्यानं वाढतं बघितलंय ना?" मी मांजरी गावात म्हशींच्या गोठ्याशेजारी वाढलेली. आमच्याकडचं रेडकू बिचारं वाळलेलंच असायचं, कारण दूध आम्हीच प्यायचो. पण मी मान हलवली. त्यांचं म्हणणं मला आवडलं होतं.

हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी जे सांगितलं ते मात्र मला अजिबात आवडलं नाही. "दुधानंच वजन वाढतं असं नाही आणि दूध सोडलं म्हणून उतरतं असंही नाही. दिवसभरात एकूण किती जातं त्यावर आहे. साय काढलेलं दूध घ्या, पातळ ताक घ्या, पोट भरलेलं राहील. तूप, साखर, तळलेलं मात्र हात राखून. आणि चाला." वयानं माझ्या मुलापेक्षा थोडीच मोठी असेल. मला वाटलं, एवढ्यासाठी हिच्याकडे कशाला यायला हवं? भावाचा जीव धोक्यात आणि मी काय करायचं, तर पातळ ताक प्यायचं! मला काहीतरी मोठं करायचं होतं, चारचौघांत सांगता येईल असं.

म्हणून मी दूध सोडलं, आणि सोडलं ते गाजावाजा करून. बुधवार पेठेत ज्या पुस्तकांच्या दुकानात मी हिशेब बघते तिथे सकाळचा चहा आला की मी हात आडवा धरायची. मालक म्हणाले, "दूध सोडलंत? छान. आता आमचा चहावालाही सोडेल, पाणी तर तो घालतोच." सगळे हसले, मीही हसले, पण कारण सांगायची संधी काही सोडली नाही. कारण कळल्यावर सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे आदरानं बघायला लागले. ते मला फार बरं वाटलं.

मांजरीत तर आईनं ते आळीभर केलं. "माज्या लेकीनं भावासाठी दूध सोडलं." गोठ्यात म्हैस असलेल्या घरात दूध सोडणं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. देवाला बोलून एखादी गोष्ट सोडावी तसं आईनं ते मानलं. भावाला तर दूध-दही मोजूनमापूनच चालायचं. तो म्हणाला, "आक्का, आता आपन दोघं एका पंगतीत." त्याचे डोळे भरून आले होते. तेव्हा तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

कारण आमच्याकडे दूध सोडलं म्हणजे पेल्यातलं दूध सोडलं. दही सोडलं, पनीर तर मुळात आवडत नव्हतंच. पण भातावरचं तूप म्हणजे काही दूध नव्हे. पुरणपोळी तुपाशिवाय खायची ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येत नाही. कोऱ्या चहाला चव येईना म्हणून मी साखर वाढवली, आणि नुसता कोरा चहा घशाखाली उतरेना म्हणून सोबत खारी आली. एवढं मोठं व्रत केल्यावर माणसाला भूकही जरा जास्तच लागते.

आणि बेरी. ती सांगितल्याशिवाय हे सगळं खोटंच राहील.

आई लोण्याचा डबा पाठवायची. भावजय तो डायलिसिसच्या दिवशी घेऊन यायची आणि ओशाळल्यासारखी म्हणायची, "तुमी खात न्हाय ठावं हाय, पर दाजींना आन पोराला हुईल." रविवारी मी ते लोणी कढवायची. तूप गाळून घेतलं की भांड्याच्या तळाशी खमंग तपकिरी बेरी उरते. आमच्या घरात ती ना नवरा खातो ना मुलगा. लहानपणी या बेरीवरून आम्हा भावंडांच्या मारामाऱ्या व्हायच्या. आई वर साखर घालून दोन वाट्या भरायची. एक वाटी मोठी होती. ती मी उचलायची, मोठी म्हणून. भाऊ रडायचा, पण एखाद्या दिवशी आपणहून मोठी वाटी माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "तू पानी शेंदतीस न्हवं, तू घे." विहिरीवरून पाणी मी आणायची, हे त्या एवढ्याशा पोराच्या लक्षात असायचं.

तर दर रविवारी मी गॅसपाशी उभी राहून साखर घातलेली बेरी एकटी खात होते. उभं राहून खाल्लेलं मोजायचं नसतं असा आम्हा बायकांचा एक समज आहे.

वजन उतरलं नाही. एकदा तर थोडं वाढलंच. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "दूध सोडलंत, बरं. मग धरलंत काय?"

"काहीच नाही हो."

"म्हणजे हवेनं वाढलं म्हणायचं."

मला राग आला. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते कळल्यावर मी हॉस्पिटलच्या जिन्यात मटकन खाली बसले. काट्यावरचा आकडा उतरलेला नाही हे बघून माझा जीव भांड्यात पडला होता. त्या दिवशी पडला होता, त्याच्या आधीही पडला होता. दर वेळी भावजयीचा चेहरा पडायचा, मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि आतून सुटल्यासारखं वाटायचं.

मला भीती वाटत होती. पोट फाडतील, आतलं काढून घेतील, आणि मी पुन्हा उठलेच नाही तर मुलाचं शिक्षण, नवऱ्याचं जेवणखाण, सगळं कसं होईल? मोबाइलवर ऑपरेशनबद्दल वाचायला जायची आणि दोन ओळींतच तो पालथा ठेवायची. नाही म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. डॉक्टरांनी मला एकटीला बसवून तसं सांगितलंही होतं. पण नाही म्हणण्याची माझ्यात हिंमत नव्हती आणि हो म्हणण्याचीही नव्हती. दूध सोडलं की दोन्ही करावं लागत नव्हतं. मी तर एवढा त्याग करतेय, वजनच उतरत नाही, त्याला मी काय करणार?

त्या रविवारी भाऊ वारज्यात कुणाच्या तरी वास्तुशांतीला आला होता. जाताना न सांगता आमच्याकडे डोकावला. घरात मी एकटीच. तुपाचा वास कोंडू नये म्हणून दार उघडं ठेवलेलं. मी गॅसपाशी उभी, हातात वाटी, तोंडात घास.

"आक्का," तो म्हणाला.

मी वाटी पाठीमागे लपवली. पन्नाशीची बाई, पोटच्या पोराला कॉलेजात घातलेली, आणि वाटी पाठीमागे! ओठाला साखर लागलेली होती, तीही मी हातानं पुसली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो चिडला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टूल ओढून बसला. ज्या हाताला सुया टोचतात तो हात त्यानं जपून मांडीवर ठेवला.

"बेरी हाय व्हय? जिन्यापातूर वास आला."

मी वाटी तशीच पाठीमागे धरून राहिले.

"भ्या वाटतंय का तुला?" त्यानं हळूच विचारलं.

मी मान हलवली आणि रडायला लागले. बेरी खाताना पकडल्यावर रडणारी माणसं लहान असतात, तशीच रडले.

"मलाबी वाटतं," तो म्हणाला. "सुई घालत्यात तवा दर बारीला वाटतं. त्यात काय. तुला नगं आसंल तर नगं म्हन. आईला मी सांगतो, डाक्तरच नगं म्हनले म्हनून. तुज्यावर काय बी येऊ द्यायचो न्हाय."

म्हणजे माझं खोटंही तो त्याच्या अंगावर घेणार होता. मी वाटी पुढे ठेवली. त्यानं करंगळीच्या टोकाला लागेल एवढीच बेरी घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"खा. मोठी वाटी तुजीच."

ती मला खाता आली नाही. बराच वेळ ओट्यावर पडून राहिली, मग मी वाटी घासून टाकली.

पुढच्या भेटीत मी आहारतज्ज्ञ बाईंना सगळं सांगितलं. तूप, साखर, खारी, बेरी. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "मग आता दूध परत सुरू करा," एवढंच म्हणाल्या. साय काढलेलं एक कप दूध, दुपारी पातळ ताक, भातावरचं तूप बंद नाही पण चमच्यानं मोजून, आणि संध्याकाळी चालणं. लोणी यापुढे पाठवू नका म्हणून मी मांजरीला कळवलं. पहिल्याच दिवशी सांगितलेली तीच साधी गोष्ट मी आता मान खाली घालून ऐकली.

मग मांजरीला गेले तेव्हा भावजयीनं ताकाचा पेला पुढे केला आणि मी तो प्यायला लागले. आई समोरच बसली होती. तिनं आधी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सोडलं व्हतंस न्हवं?"

"परत घेतलंय, आई."

"भावासाटी येवढं बी जमलं न्हाय व्हय तुला?"

भाऊ काहीतरी बोलायला गेला. मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. जे केलं नव्हतं त्याचं कौतुक मी इतके दिवस खाल्लं होतं. आता जे खरं करत होते त्याची बोलणी खाणं माझ्या वाट्याला येऊ दे, असं मला वाटलं. ताक मी शेवटपर्यंत प्यायले. आई उठून आत गेली आणि मी निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आळीत आता ती काय सांगत असेल ते मी विचारत नाही.

वजन उतरायला लागलं. हळूहळू, कुणाला सांगण्यासारखं काही नाही अशा गतीनं. परवा काट्यावर चढले तेव्हा घड्याळ हातातच होतं, ओढणी खांद्यावर होती. नर्स म्हणाली, "अरे वा, आता डॉक्टरांना दाखवू. पुढच्या तपासण्या लावतील." भावजयीनं माझी पर्स छातीशी धरली आणि भिंतीला टेकली. भीती कुठे गेलेली नव्हती. वजन उतरल्यावर ती उतरेल असं कुणी सांगितलंही नव्हतं.

मी डायलिसिसच्या खोलीत गेले. भाऊ खुर्चीत आडवा होता, हातातून नळ्या गेलेल्या.

"उतरलं?" त्यानं विचारलं.

"उतरलं. मी देणार आहे."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"आक्का, तुला येक सांगू का? रागवू नगं." आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. "तू काट्यावर चढायला गेलीस की मी हितं पडल्या पडल्या देवाला म्हनायचो, तिचं वजन उतरू देऊ नगं. तुला काय झालं आसतं तर मी जगून काय करू?"

मी त्याच्या सुया नसलेल्या हातावर हात ठेवला. इतके दिवस आम्ही दोघांनी एकच मागणं मागितलं होतं. मी माझ्यासाठी मागत होते आणि तोही माझ्यासाठीच मागत होता. त्याच्यासाठी मागणारं आम्हा दोघांत कुणीच नव्हतं.