लेझर, दाढ आणि टँकर

भूकंपानंतर मला कुठलीच थरथर सोसत नाही. त्यामुळं किडलेल्या दाढेत मिश्री दाबून मी कैक वर्षं काढली. कीड पार खोल गेली, तेव्हा लातूरला क्लासला असलेल्या मुलीनंच दवाखाना शोधला.

डॉक्टरीण तरुण होती, भूकंपानंतर जन्मलेली. "काका, लेझरनं कीड काढते. ड्रिलसारखं हादरत नाही," ती म्हणाली.

इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर झालं. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला. लेझर हलकेच टिकटिकत राहिला. जबडा खरंच हलला नाही. मग खुर्चीच हलली आणि खिडकीची काच वाजली.

भानावर आलो तेव्हा मी अंगणात होतो, तोंडात कापूस तसाच. शेजारी दवाखान्यातली मदतनीस बाई उभी होती, माझ्याच वयाची, तसाच चष्मा घातलेली. रस्त्यावरून पाण्याचा टँकर निघून गेला.

"अहो, टँकर होता," डॉक्टरीण दारातून म्हणाली.

बाई रस्त्याकडंच बघत होती. "आमच्या घरातले चार गेले," ती हळूच म्हणाली.

मला बोलता येत नव्हतं. मी दोन बोटं वर केली.

मग आम्ही आत गेलो. दाढ अर्धीच झाली होती.