मोरिशितासाठी बोललेला नवस

चिखलीच्या शकुंतलाबाई नोकरीभर रजेच्या जागेवरच राहिल्या. एखाद्या शिक्षिकेला कावीळ झाली, कुणाचा पाय मोडला, की शाळेचा शिपाई यांच्या दारात हजर. ती बाई बरी झाली की यांनी खडू ठेवून मुकाट घरी यायचं. दुसरीचं दुखणं जरा लांबावं असं मनात येई आणि लगेच स्वतःचीच लाज वाटे. वय झालं तेव्हा निरोप समारंभसुद्धा झाला नाही, कारण तेव्हा शाळेत कुणीच आजारी नव्हतं.

अशा बाईंना साठीनंतर फुटबॉलचं वेड लागलं, आणि तेही जपानच्या. लेक निवेदिता तिकडे नोकरीला. तिनं एकदा व्हिडिओ कॉलवर घराजवळच्या क्लबचा सामना दाखवला. बाईंची नजर मैदानावर ठरलीच नाही. ती बाकड्यावर हातमोजे घालून बसलेल्या एका टकल्या माणसावर जाऊन अडकली. तो मोरिशिता, राखीव गोलरक्षक. पहिला गोलरक्षक पडला तरच हा उभा राहणार. बिचाऱ्यानं क्लब बदलले, बाकडं काही सुटलं नाही. आणि या मोसमानंतर तो खेळणंच सोडणार होता.

"म्हणजे माह्यासारखाच," बाई म्हणाल्या, आणि दर शनिवारी मोबाइल पुढ्यात घेऊन बसू लागल्या. त्यांचे यजमान भालचंद्रराव म्हणत, की जावई शोधतानाही हिनं एवढी चौकशी केली नव्हती.

मोसम सरत आला तशी बाईंनी रेणुकेच्या देवळात जाऊन साडी कबूल केली. मोरिशिताला एक सामना मिळू दे, बस. दोन दिवसांत निवेदिताचा फोन आला, की सरावात पहिल्या गोलरक्षकाच्या बोटाला लागलंय. बाई भरल्या ताटावरून उठल्या. आपण देवीच्या हातून कुणाच्या तरी पोराचं बोट मोडलं. देवीला जपानचा पत्ता कुठून ठाऊक असणार, असं भालचंद्ररावांनी समजावलं, पण बाई तडक देवळात जाऊन नवस मागे घेऊन आल्या. बोट नुसतं मुरगळलेलं निघालं. शनिवारी पहिला मैदानात, मोरिशिता बाकड्यावर.

आता एकच सामना उरला. बाईंना आपली नोकरी आठवली. निर्धास्त मनानं त्यांनी एकदाच शिकवलं होतं, सातवीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा. पुढे त्याच बाळाच्या बारशाच्या घुगऱ्याही खाल्ल्या होत्या. त्यांनी निवेदिताला फोन लावला. पहिल्याची बायको गरोदर आहे का, एवढं विचारून सांग. लेकीनं कपाळाला हात लावला, पण विचारलं. नववा लागला होता.

बाई पुन्हा देवीपुढे उभ्या राहिल्या. "तिची सुखरूप सुटका कर माय, पण शनिवारीच कर."

शनिवारी पहिला गोलरक्षक दवाखान्यात बायकोजवळ होता. मोरिशिता मैदानात आला, मैदानाला वाकला. इकडे बाईही वाकल्या आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या. सामना कसाबसाच दिसला.

"तीन गोल खाल्ले तुह्या मोरिशितानं," भालचंद्रराव म्हणाले.

"खाऊ द्या. आज त्याले कोणाच्या दुखण्यावर उभं राहा लागलं नाही."

मुलगी झाल्याचं कळलं तशा बाई बाजारात गेल्या. देवीसाठी साडी घेतली आणि जपानला धाडायला एक झबलं.