हमीदाचाचीची काळी

हमीदाचाची भेटली की आधी समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची आणि बोटांची पेरं दाबून बघायची. उंब्रजच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. मी तिथं नवा दवाखाना थाटला तेव्हा माझाही हात तिनं चाचपला. "जनावरांची डॉक्टरीण व्हय? हात तर लोण्यावानी हाय. बैल कसा धरतीस गं बाई?"

एक दिवस ती गल्लीतली काळी कुत्री रिक्षात घालून घेऊन आली. "हिला रगात जातंय. समदी म्हंत्यात, माजावर आलीया. आगं, माज काय दोन म्हयनं टिकतो व्हय?" दारात रक्ताचे ठिपके पडतात म्हणून शेजारचा चहावाला संपत वैतागला होता. काळीला पोत्यात घालून कोयनेच्या घाटात सोडायचं त्यानं पक्कं केलं होतं. चाचीनं हातापाया पडून त्याला थोपवलं होतं.

तपासलं तर जननमार्गात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. तिच्यावर काच दाबून मी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "चाची, कॅन्सर आहे," म्हटल्यावर तिनं काळीचं डोकं छातीशी धरलं. कुत्र्यांमध्ये हा संगातून लागतो, पण सुयांनी बहुतेक वेळा पार बरा होतो, असं मी घाईघाईनं सांगितलं. चाचीनं पदर डोळ्यांना लावला. "ह्या नावाचं काय बरं हुतंय, ह्ये पयल्यांदाच आयकलं बघ."

आठवड्याला एक सुई. जुम्म्याला दुपारी दुकान बंद, म्हणून शुक्रवार ठरला. ते औषध शिरेबाहेर थेंबभर सांडलं तरी मांस जळतं, त्यामुळे पाय हिसडून चालत नाही. चाची काळीचा पाय धरायची आणि बांगड्या भरायला आलेल्या नव्या नवरीशी बोलावं तसं बोलत राहायची. "तिकडं बघू नगंस. सासरचं गाव कंचं तुजं? सासू बरी हाय का?" काळी हूं की चूं करत नसे. हसू आवरताना माझीच तारांबळ उडायची.

गाठ आक्रसत गेली, रक्त थांबलं. पण "बरी झाली" असं मी म्हणत नव्हते. शेवटच्या सुईला पुन्हा तपासून सांगेन, म्हणाले होते.

त्या शुक्रवारी रिक्षातून काळीला उचलून संपत उतरला.

"चाची कुठंय?"

"परवा गेल्या. झोपंतच."

मला चाचीची फार सवय झाली होती. संपतनं काळीला टेबलावर ठेवून पाय घट्ट धरला. मी तपासलं. गाठीचा मागमूसही नव्हता. शेवटची सुई दिली आणि म्हटलं, "बरी झाली हो ही."

संपत काळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"आन् ह्ये चाचीला कुनी सांगायचं वो, डॉक्टर?"