फोनवरचा अपघात

औरादमध्ये सगळे त्याला अण्णा म्हणतात. तो माझ्याहून लहान असूनही मीसुद्धा म्हणतो. तो गाड्यांचे विमे उतरवतो आणि त्याआधी फोनवर एक लुटुपुटीचा अपघात घडवून आणतो. गाडी चालवणाऱ्याला अंगणात उभं करायचं, आपण दारात थांबायचं आणि विमा कंपनीचा साहेब होऊन, आवाज जड करून एकेक प्रश्न विचारायचा, ही त्याची पद्धत.

माझ्या लेकीनं गाडीची उंची कमी करून रुंद चाकं बसवून घेतली होती. हे कळवलं तर हप्ता वाढतो, लपवलं तर अपघातानंतर कंपनी हात वर करते. जुना विमा त्याच दिवशी संपत होता आणि सकाळी तिला हैदराबादला निघायचं होतं. मी पडलो काटकसरी. चहा पिता पिता तिला 'लपव' असं खुणावलं.

"अक्का, चाकं मूळचीच हाईत का?" साहेबानं विचारलं.

"व्हय."

"गाडी खाली करून घेतली न्हाई?"

"न्हाई."

"शेजारच्या सीटवर कोण होतं?"

"अप्पा." म्हणजे मी.

"ते बोलायलेत का आता?"

असं विचारून अण्णा उत्तराची घाई करत नाही. लेक फोन कानाला लावून माझ्याकडं बघत राहिली. मी हातात कपबशी घेऊन चांगला जिवंत बसलो होतो. कपबशी खाली ठेवली.

"बोलायलोय रे बाबा," शेवटी मी म्हणालो. "सगळं खरं लिव, अण्णा."